छपरावर गेलेले राजे

राजे वारले, असं त्या गावात कुणी म्हणायचं नसतं. म्हणायचं, राजे छपरावर गेले. राजाच्या मुलांना देहही दाखवत नाहीत, त्यामुळे आडेगोरोयेनं बापाला निरोपसुद्धा दिला नव्हता. आता त्याला गादी हवी होती, आणि सरदार एकेका राजपुत्राचं नाव घेऊन इफादेवाचा कौल मागत होते. इफाचे म्हातारे पुजारी, बाबालावो, ताडाच्या बिया मुठीत खुळखुळवायचे, पाटावर खुणा मांडून पाहायचे आणि म्हणायचे, "नाही." आडेगोरोयेच्या नावालाही नाहीच आलं.

"नावं संपली," थोरले सरदार कोलाचं कडू बी चघळत म्हणाले. "आता काय, छपरावरच्या राजांचं घेऊ?"

एकदोघं हसले. बाबालावोंनी बिया खुळखुळवल्या, मग पुन्हा एकदा खुळखुळवल्या. "होय म्हणतोय."

"असं कसं?" आडेगोरोये उठला. "आबा तर..."

"आबा तर काय, युवराज? बोला की."

आडेगोरोयेनं तोंड मिटलं. ते वाक्य जो बोलेल, त्याला जन्मात पुन्हा गादी मागता येत नाही.

"आबा तर छपरावर गेलेत," तो शेवटी म्हणाला.

"मग लांब कुठे आहेत?" थोरले सरदार म्हणाले. "उतरवू खाली."

वर कुणीतरी खोकलं. आबा रोज सकाळी खोकायचे, अगदी तसंच. सगळे सरदार मुजऱ्याला जमिनीवर पालथे पडले. आडेगोरोये तेवढा उभा राहिला. थोरला मुलगा म्हणून शिडी धरायचा मान त्याचा होता.