लटारूभाऊंनी विणलेलं जाळं

“यात तुलना कुठे आहे?” प्रफुल सरांनी वही रोशनीकडे परत सरकवली.

आठवीचा विज्ञान प्रकल्प होता. गावातला एखादा अन्याय शोधायचा आणि प्रयोगाने दाखवायचा. रोशनीने शेजारची गिरजामाय निवडली होती. गावातली चौदाही फेकजाळी तिनेच विणलेली. पण तलावातले मासे वाटताना वाटे पडत ते चौदाच, जाळं फेकणाऱ्यांचे. विणणारीला चहा मिळे.

“सगळीच जाळी तिची,” सर म्हणाले. “मग तिच्या हातामुळे काय फरक पडतो, ते कळणार कसं? तिने न विणलेलं एक तरी जाळं हवं. आणि प्रकल्पाने काहीतरी बदललं पाहिजे. नुसता तक्ता नको.”

रोशनीने पेन्सिलचं टोक चावलं. वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

त्याच संध्याकाळी ती तलावाच्या पाळीवर गेली. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष लटारूभाऊ जाळं वाळत घालत होते.

“भाऊ, गिरजामायले एक वाटा द्या ना.”

“काऊन? पाण्यात उतरते काय?”

“जाळं विणते.”

“घरी बसून दोरा गुंडाळनं, हे काम हाय काय? मी बी विणीन.”

“तुमाले नाई जमणार, भाऊ. सारं गाव म्हणते.”

लटारूभाऊंचे कान लाल झाले. “महिन्याभरात विणून दाखवतो! मासोळी आली, तर वाट्याचं नाव काढायचं नाई.”

“अन रिकामं आलं तर?”

“तर पंधरावा वाटा गिरजाबाईचा. मीच टाकतो, आपल्या हातानं.”

हे ऐकून गिरजामायने कपाळाला हात लावला. “पोरी, चहा भेटत होता, तो बी घालवशीन.”

महिनाभर लटारूभाऊ ओसरीवर दोऱ्याशी झुंजले. त्यांची बायको रुखमाबाई जाता-येता विचारायची, “ही गाठ हाय का भजं?”

ठरलेल्या सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. लटारूभाऊंनी नवं जाळं फेकलं. ते हवेत ताटासारखं गोल उघडलं. फेकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओढताना दोन मोठे रोहू आत तडफडताना दिसले. गिरजामायने डोळे मिटले.

काठाशी येताच गाठी सरकल्या. भोकं हाताएवढी झाली. एक रोहू गेला, मागोमाग दुसरा. जाळ्यात उरलं शेवाळ आणि एक गोगलगाय. सगळ्यात आधी रुखमाबाई हसली.

लटारूभाऊंनी रिकामं जाळं बाजूला टाकलं. बाकीच्यांनी गिरजामायच्या जाळ्यांनी पकडलेल्या माशांचे त्यांनी चौदा वाटे केले. मग पंधरावा टाकला, आणि त्यावर त्या दिवसाचा सगळ्यात मोठा रोहू ठेवला.

“गिरजाबाई,” ते हळूच म्हणाले, “माझं जुनं जाळं जरासं फाटलं हाय. दुरुस्त करान काय?”

“पहिले चहा पाजा,” गिरजामाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रफुल सरांनी गुण द्यायला रोशनीची वही उघडली. पहिल्याच पानावर, महिन्याभरापूर्वीच्या तारखेखाली, प्रयोगाच्या साहित्याची यादी होती. पहिल्या दोन ओळी शाईत होत्या, तिसरी पेन्सिलने लिहिलेली.

१. गिरजामायची जाळी.
२. नायलॉनचा दोरा.
३. लटारूभाऊंचा राग.