डाव्या बाजूचा आरसा

तापीकाठच्या धुक्यात गोटूच्या जुन्या पिकअपचा उजवा आरसा पांढरा व्हायचा, डावा मात्र लख्ख राहायचा. त्या धास्तीने बायको मनकर्णा डावीकडे बसेनाशी झाली होती.

"हीटर असेल गं त्यात," म्हणत केळी भरायचं सोडून गोटूने गाडी शनवारा चौकातल्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने काच सुटी करून त्याच्या हातात दिली. "गोटूभाऊ, यात हीटर-बिटर कुछ नाही."

खात्रीसाठी गोटूने काचेवर तोंडाची वाफ सोडली. काच थंडगार होती, वाफ तशीच बसून राहिली. त्याला हायसं वाटलं.

केळीच्या चिकाने डागाळलेल्या गमछ्याने त्याने ती पुसली. वाफेचा मधला गोल ठिपका जाईना. तो काचेच्या आत होता.

गोटूने श्वास रोखला. तरीही ठिपका मोठा होत होता, लहान होत होता.