हवा काय म्हणतेय?

रविवारी भांडण विकोपाला गेलं तेव्हा सुलेखा एवढंच म्हणाली, "मी शिकागोला ताईकडे चालले. कायमची." मग तिने जो अबोला धरला, तो धरलाच.

रागाच्या भरात बोलली, उतरेल राग, असं श्रीरंगने स्वतःला बजावलं. ओहायोतल्या या कोलंबस शहराचा ऑक्टोबर तरी कुठे एका रंगावर राहतो? सोमवारी ऑफिसला निघताना त्याने सवयीने विचारलं, "काय गं, हवा काय म्हणतेय आज?" सकाळी चहा करताना रेडिओवर हवामान ऐकायचं काम तिचं. ती चहा गाळत राहिली. पण दाराशी, तिच्या कोटाशेजारच्या त्याच्या खुंटीवर छत्री अडकवलेली होती, आणि दुपारी धो धो पाऊस कोसळला. मंगळवारी तिथे स्वेटर होता. बुधवारी जाड कोट पाहून त्याला हसू आलं, तर संध्याकाळी बर्फ भुरभुरायला लागला. गुरुवारी खुंटीवर काहीच दिसेना. आता हेही बंद? त्याने घाईघाईने दार उघडलं, तर बाहेर असं उबदार ऊन की नुसता शर्ट पुरे!

विरघळली म्हणायची! येताना त्याने पिवळी शेवंती आणली. तिने ती मुकाट्याने पाण्यात ठेवली.

शुक्रवारी तो उठला तेव्हा रेडिओ बंद होता. दाराशी छत्री, स्वेटर, जाड कोट, मफलर, हातमोजे, सगळं एकाच खुंटीवर कोंबून टांगलेलं.

"अगं, एवढं सगळं? हवा काय म्हणतेय आज?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. शेजारची तिची खुंटी रिकामी होती.