बसायची सोय

ही गोष्ट बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही. मतदान केंद्रावर लोकांना काय त्रास होतो ते नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी घाईघाईत पोहोचलो, दाराशी एकच खुर्ची होती, न बघताच बसलो तो पार संध्याकाळपर्यंत.

दुपारी एक आजी भिंतीला धरून रांगेत पुढे सरकत होत्या. पाय लटलटत होते.

“आजी, तुम्हाला कोणी बसायला दिलं नाही का हो?” मी बसल्या बसल्याच विचारलं.

त्या कसनुशा हसल्या. “असू दे बाबा. तुझं काम चाललंय ना.”

माझं डोकंच फिरलं. ‘वृद्धांसाठी बसायची सोय आहे का?’ या प्रश्नापुढे मी ठसठशीत ‘नाही’ लिहिलं. वर केंद्रप्रमुखांना चार शब्द सुनावले. फॉर्म देऊन मी ताठ मानेने घरी आलो.

“अहो, शर्टाच्या पाठीला हे काय चिकटवून आलात?” बायको म्हणाली, आणि घामाने भिजलेला एक कागद सोलून तिने माझ्या हातात दिला.



‘ही खुर्ची फक्त वृद्ध मतदारांसाठी.’