निमिया अडखळते

"थांब. तेच वाक्य पुन्हा का वाचलंस?" सेल्सानं पिठातले हात न काढता विचारलं.

निमियाचं बोट ओळीवरून हललं नाही. "चुकलं होतं, आई."

"चुकलं नव्हतं. ऐकत होते मी."

शेजारी तिची जुळी बहीण पेर्ला टाचेनं बाकावर ठोकत होती.

चिपाचे, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव भाजायचे आणि बसथांब्यावर नेऊन विकायचे, हा सेल्साचा धंदा. संध्याकाळी पीठ मळता मळता ती मुलींचं वाचन ऐके. आधी निमिया, मग पेर्ला. हा क्रम पेर्लानंच ठरवलेला. निमिया एकेक शब्द चाचपत, प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची. पेर्ला तोच धडा घडाघडा म्हणून मोकळी.

एकदा रेडिओवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, चांगल्या हुशार मुलांनाही कधीकधी अक्षरं दाद देत नाहीत. घरी लक्ष असू द्या. तेव्हापासून सेल्साची नजर निमियावरून हटेना. सेल्सा खोलीत आली की दोघींची कुजबुज थांबायची. निमियाला ताप आला त्या दिवशी तर पेर्लानंही पोट धरलं, पुस्तक उघडलंच नाही.

"बहिणीच्या तापावर तुझी सुट्टी होय गं?" सेल्सा तिच्यावर डाफरली.

"पोरींच्या मागे पोलिसासारखी काय लागलीस?" नवरा, अर्सेनियो, तेरेरेच्या थंडगार काढ्याचा घोट घेत म्हणाला.

"निमिया काहीतरी लपवतेय."

"तुझीच लेक. लपवणारच."

सोमवारी ती निमियाला घेऊन शाळेत निघाली. पेर्लानं दारातच आईचा झगा धरला. "कशाला नेतेस तिला?"

"तुला काय करायचंय? तुला येतंय ना सगळं!"

देओलिंदाबाईंच्या वर्गात चाळीस मुलं एका सुरात वाचायची. एकेकाचं ऐकायला सवड कुठली? आज त्यांनी कपाटातून एक नवंकोरं, अजून कुणी न वाचलेलं पुस्तक काढून निमियापुढे ठेवलं.

निमियानं वाचलं. न थांबता, बोट न ठेवता. पान उलटलं, पुढचंही वाचलं.

बाई सेल्साकडे बघत राहिल्या. सेल्साची कानशिलं तापली.

"म्हणजे घरी नाटक चाललं होतं? आईला खेळवत होतीस?"

निमियानं पुस्तक छातीशी धरलं. तिला रडू फुटलं.

"पेर्लाला सांगू नकोस ना, मी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"मी भरभर वाचलं, तर ऐकून तिचं पाठ होत नाही."