चष्मे काढू नका

“शंभर फूट वर गेल्यानं सूर्य असा कितीसा जवळ येणार आहे?” बायकोनं पिशवीचे बंद आवळत विचारलं.

“सूर्य नाही गं, माणसं जवळ येतात.” फोटोवाले ड्रोनच्या कॅमेऱ्यावर काळी फिल्म चिकटवत होते. “नुसतं ग्रहण म्हटलं तर निम्मे लोक अंथरुणातूनच बघतील. ड्रोन उडणार म्हटल्यावर झाडून सगळे गच्चीवर येतात. तेवढ्यात तू समोरच्या इमारतीत जायचं, मास्तरांच्या कपाटावर ही ठेवायची आणि परत यायचं.”

“आणि कुणी पाहिलं तर?”

“कोण पाहणार? ग्रहणाच्या चष्म्यातून सूर्याशिवाय काही दिसत नाही. स्वतःचा हातसुद्धा नाही.”

पिशवीत मास्तरांची दुर्बीण होती.

सतरा वर्षांपूर्वी, अशाच एका ग्रहणाला, फोटोवाल्यांनी ती मागून आणली होती. आठवड्यानं मास्तरांनी विचारलं, तेव्हा “परत दिली की” असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. मास्तरांनी दोन दिवस घर उलथंपालथं केलं आणि तिसऱ्या दिवशी दारात येऊन हात जोडले. “माफ करा. मीच कुठंतरी ठेवली असणार. उगाच तुमच्यावर संशय घेतला.” फोटोवाल्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. पुढं महिन्याभरानं दुर्बीण स्टुडिओतल्या पडद्यामागं सापडली. चूक कबूल करता येते हो. पण एकदा दिलेली माफी परत कशी घ्यायची?

त्यात मास्तर तेव्हापासून जास्तच चांगले वागू लागले. मुलीचं गणित त्यांनी फुकट घेतलं, फोटोवाल्यांना टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे डबा पाठवला. प्रत्येक घास दुर्बिणीसारखा घशात अडकायचा. आता स्टुडिओ विकून दोघं परवा मुलीकडे राहायला निघाली होती. एवढं ओझं मात्र बरोबर न्यायचं नव्हतं. गंमत म्हणजे ड्रोनची कल्पनाही मास्तरांचीच. “जाता जाता एवढं ग्रहण टिपा. सगळ्यांना वर बोलवा. वहिनींना नक्की आणा.” देवमाणूस.

सकाळी फोटोवाल्यांच्या इमारतीची गच्ची दोन्ही इमारतींतल्या लोकांनी भरली. वरच तर जायचं, म्हणून कुणी कुलपंही लावली नव्हती. मास्तरीणबाई दर पायरीला गुडघ्यांची तक्रार नोंदवत आल्या आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. ड्रोन घोंगावत वर गेला. फोटोवाल्यांच्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर चंद्रानं चावा घेतलेला सूर्य उमटला, तेव्हा मास्तरांचा आवाज ओला झाला.

“फार उपकार झाले तुमचे.”

“कसले उपकार, मास्तर. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत...” फोटोवाल्यांनी रिमोटसकट हात जोडले. हे मात्र नाटक नव्हतं.

ड्रोन उतरवून त्यांनी बॅटरी बदलली आणि फिल्म काढली. “आता सगळ्यांचा वरून एक फोटो. मी सांगेपर्यंत वर बघत राहा. चष्मे काढू नका.”

“दूध गॅसवर राहिलंय वाटतं,” पुटपुटत बायको सटकली.

“अहो, मान मोडली. किती वेळ अजून?” तळमजल्यावरचे कंपाउंडर कुरकुरले.

“घाई असेल तर चंद्राला सांगा,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, वर बघतच.

फोटोवाल्यांनी ड्रोन अलगद अंगणावर नेला. पडद्यावर दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या दिसू लागल्या. बायको मास्तरांच्या दारातून आत गेली. फोटोवाल्यांनी ड्रोन तिथंच स्थिर धरला. ती बाहेर आली. पिशवी रिकामी, घडी करून काखेत. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मनोमन मास्तरांना नमस्कार केला.

तेवढ्यात पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, त्यांच्याच गॅलरीत, काहीतरी हललं. एक बाई त्यांच्या दाराकडे चालली होती. चालली कसली, धावतच होती. फोटोवाल्यांनी मान वळवली. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी त्यांचं दार खांद्यानं ढकललं. दोन्ही हातांत त्यांनी उराशी धरला होता तो फोटोवाल्यांचा शिसवी ट्रायपॉड. अठरा वर्षांपूर्वी स्टुडिओतून चोरीला गेलेला, आणि जो शोधायला मास्तर सगळ्यांच्या पुढं धावले होते.

“घाई करू नका, फोटोवाले,” मास्तर सूर्याकडे तोंड करून शांतपणे म्हणाले. “अजून दोन मिनिटं सगळ्यांना वरच बघू द्या.”