कपाटाचा व्हिडिओ

हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि फाइल मॅनेजर पुन्हा गोठला. खिडकी पांढरी पडली, गोल चकती फिरत राहिली. धाकट्याने माउस सोडून कपाळाला हात लावला.

तो प्रिंटर विकायचा. एवढ्यावरून घरच्यांनी त्याला संगणकतज्ज्ञ ठरवून टाकलं होतं. दादा आणि वहिनी वेगळे होणार होते. भांडी वाटून झाली, पुस्तकं झाली. उरला होता हॉलमधला संगणक. त्याच्या डिस्कचे दोन भाग पाडले होते, एक दादाचा, एक वहिनीचा. प्रत्येक फोल्डर ज्याच्या त्याच्या भागात कॉपी करायचा आणि जुन्या जागेवरून पुसून टाकायचा. ते झालं की उद्या वकिलाकडे सह्या. "सगळं दोघांनाही कॉपी करून देतो की," असं धाकट्याने सुरुवातीलाच सुचवलं होतं. ते दोघांनाही पटलं नाही. वाटणी म्हणजे वाटणी. निदान एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, याचंच त्याला बरं वाटलं होतं.

दादा आतल्या खोलीत, वहिनी स्वयंपाकघरात. दोघंही आपापला लॅपटॉप उघडून, एका कानात इअरफोन घालून बसली होती. आपसात बोलणं बंद होतं.

"भाऊजी, ह्यांना सांगा, मला उशीर होतोय."

"तिला सांग, घाई असेल तर ये आणि स्वतः कर."

धाकट्याने डिस्क तपासली. ठणठणीत होती. अँटिव्हायरस बंद केला. मशीन बंद करून चालू केलं. लग्नाचे फोटो मुकाट्याने गेले, सहलींचे गेले, गाडं अडत होतं ते दर वेळी 'कपाट' नावाच्या फोल्डरशी. त्यात एकच व्हिडिओ होता. दोघं मिळून नवं कपाट जोडतायत, दार उलटं बसतं आणि दोघंही फरशीवर लोळून हसतायत. मोबाइल खाली टेकवलेला, म्हणून बराच वेळ नुसते पायच दिसतात.

शेवटी घरातल्या नेटवर्कवरून कोण या संगणकातली कुठली फाइल वापरतंय, ते त्याने उघडून पाहिलं. आणि बघतच राहिला.

"कपाटाचा व्हिडिओ दोन लॅपटॉपवर चालू आहे," तो दोन्हीकडे ऐकू जाईल असं ओरडला. "तो बंद केल्याशिवाय फाइल इथून हलणार नाही."

कुणीच बंद केला नाही. स्क्रीनवर दोन्ही लॅपटॉपची नावं तशीच दिसत होती. तो व्हिडिओ हलूच नये, असं धाकट्याला फार वाटलं.

वहिनी कानातला इअरफोन काढत बाहेर आली. दादासाठीचा निरोप ऐकायला त्याने मान वर केली. ती त्याच्याकडे न बघता सरळ आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, ते दार उलटं तुम्हीच बसवलं होतं. आता तरी कबूल करा."